करंजाची वाकडी वडी

आमच्या घरात साबण या विषयावर बोलायला मला बंदी आहे. बायकोनं ती लग्नानंतर पहिल्याच वर्षी घातली आणि मुलगी मोठी झाल्यावर तिनं ती कायम केली. महाडच्या आमच्या ब्लॉकमध्ये बाथरूमच्या कोपऱ्यात कपडे धुवायचं मशीन आहे. ते सुरू झालं की मी उगाच दाराशी जाऊन उभा राहतो. आत पाणी भरतं, कपडे गरागरा फिरतात, पाणी निघून जातं, शेवटी मशीन टुंईं करून थांबतं. काम चोख असतं त्याचं. "आत काय सिनेमा लागलाय का?" बायको विचारते. मी म्हणतो, काही नाही. आणि खरंच काही नसतं. तेवढ्यासाठीच मी बघत असतो बहुधा.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नुकता पशुधन पर्यवेक्षक म्हणून लागलो होतो. एवढा लांब हुद्दा गावाला परवडत नाही म्हणून लोक मला डॉक्टर म्हणत. मी डॉक्टर नव्हतो. गुरांना टोचायचं, जखमा बांधायच्या, लसी द्यायच्या आणि प्रकरण हाताबाहेर गेलं की पोलादपूरहून खऱ्या डॉक्टरांना बोलवायचं, एवढंच माझं शास्त्र. सुरुवातीला मी लोकांची चूक दुरुस्त करायचो. मग लक्षात आलं, की दुरुस्त केल्यावरही ते डॉक्टरच म्हणतात, फक्त म्हैस जरा मागे ओढून धरतात.

गाव पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत. एस.टी. फाट्यावर सोडायची, तिथून पुढं पायी. हातपाय धड असलेले सगळे पुरुष मुंबईला. कोणी वॉचमन, कोणी गोदीत, कोणी हॉटेलात. गावात उरल्या होत्या बायका, शाळेतली पोरं आणि ऐकायला न येणारे काही म्हातारे. दवाखाना एका बंद घरात होता. पुढची खोली दवाखाना, मधली माझी आणि मागची कुलूपबंद. घरमालक मुंबईला. तो एकदाच आला होता, किल्ली द्यायला. आई आता आमच्याकडेच असते, तिचं सामान मागच्या खोलीत आहे, म्हणून ती उघडायची नाही, एवढं सांगून दुपारच्या गाडीनं परत गेला. अंगणात एक करंजाचं झाड होतं. माझ्याशी त्या गावात रोज नियमानं संबंध ठेवणारं तेवढं एकच. शेंगा टाकायचं.

लोक यायचे, नाही असं नाही. पण ते म्हशीबरोबर यायचे आणि म्हशीबरोबर जायचे. बोलणं म्हशीचं. ती चारा खाते का, रवंथ करते का, शेण कसं पडतं. माझी तब्येत कशी आहे हे मला तिथं कोणी विचारलं नाही. बरोबरच होतं. मी डॉक्टर होतो, आणि तोही गुरांचा. शिवाय मी बिनलग्नाचा, तिशीच्या आतला, आणि गावातल्या प्रत्येक घरातला पुरुष मुंबईला. कोणाच्या पडवीत चहापुरता टेकलो असतो, तरी त्या चहाची बातमी शनिवारच्या गाडीनं मुंबईला पोचली असती. तेव्हा बायका अदबीनं वागायच्या. अदब ही मोठी थंड गोष्ट असते. पदर सावरून, नजर म्हशीवर ठेवून, हवं तेवढंच. माझे आईवडील मी नोकरीला लागायच्या आधीच गेलेले, मामानं वाढवलं, तोही गेलेला. त्यामुळं पत्राची वाट बघायचीही सोय नव्हती. संध्याकाळी मी तपासणीला बांधलेल्या गुरांशी बोलायचो. एकदा एका शेळीला मी माझं दहावीचं वर्ष पूर्ण सांगितलं. ती रात्रीत बरी झाली.

घराच्या खाली ओढा होता. तिकडे त्याला वहाळ म्हणतात. रोज सकाळी तिथून कपडे आपटल्याचा आवाज यायचा आणि त्याच्या मधून हसणं. शब्द कळायचे नाहीत, अंतर तेवढं होतं. पण कोणीतरी काही बोलतंय, दुसरी त्यावर काही जोडतेय, मग सगळ्या एकदम हसतायत, हे कळायचं. मी दवाखान्याच्या पायरीवर दात घासत ते ऐकत बसायचो. इतका वेळ, की त्या काळात माझे दात फार स्वच्छ होते.

साबणाचं खूळ शिरलं ते पोलादपुरात. पगार उशिरा यायचा, किराणावाल्याकडे साबण उधारीवर मागायची लाज वाटायची, आणि डोंगरातल्या मातीत माझे कपडे दिवसाआड मळायचे. त्यात एकदा पंचायत समितीत आमची लसीकरणाची बैठक होती आणि शेजारच्या खोलीत महिला मंडळांना घरच्या घरी साबण बनवायला शिकवत होते. मधे प्लायवूडची भिंत. इकडे आमचे साहेब लाळ-खुरकुतावर बोलत होते, तिकडून कोणी बाई तेल आणि कॉस्टिकचं सांगत होती. बायका हसत होत्या, प्रश्न विचारत होत्या. मी साहेबांकडे बघत होतो आणि कान भिंतीला लावून होतो. त्यामुळं माझ्या डोक्यात जे ज्ञान गेलं ते निम्मं साबणाचं आणि निम्मं खुरांचं.

पण मी पेटलो. करंजाच्या बिया फुकट, तेल महाडच्या घाण्यावर काढून मिळतं, कॉस्टिक सोडा बाजारात मिळतो. म्हणजे साबण जवळजवळ फुकट. मी सुट्टीच्या दिवशी बिया भरून महाडला नेल्या, तेल काढलं आणि बाजारातल्या एका मुसलमान व्यापाऱ्याकडून कॉस्टिक घेतला. रंग, दोऱ्या, खिळे, सगळं विकणारा माणूस. त्यानं विचारलं, "डॉक्टर, गटार तुंबलं का?" मी म्हणालो, साबण करणार आहे. त्यानं सोड्याच्या पुडीवर आणखी एक कागद गुंडाळला.

सोडा पाण्यात हळूहळू टाकायचा असतो. मी पाणी सोड्यावर ओतलं. सोड्यानं फूत्कार टाकला आणि मी अंगणात. हे एक. दुसरं म्हणजे मी हे सगळं जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या टोपात केलं. माझ्याकडे तेवढा एकच टोप होता, त्यातच मी भात करायचो. कॉस्टिक जर्मन खातो, हेही त्या बाईंनी भिंतीपलीकडे सांगितलं असणार. तेव्हा बहुधा आमच्याकडे चहा आला होता. टोप आधी काळा पडला, मग फसफसायला लागला आणि शेवटी त्याच्या बुडातून अंगण दिसू लागलं. पुढं कितीतरी दिवस मी औषधाच्या रिकाम्या डब्यात भात शिजवला. भाताला टिंक्चरची चव यायची. माणूस एकटा असला की तेही चालतं, नाक मुरडायला समोर कोणी नसतं.

दुसऱ्या खेपेला एनॅमलच्या बादलीत जमलं. आता साचा हवा. दवाखान्यात जखमा धुताना धरायचे पत्र्याचे ट्रे होते, मूत्रपिंडाच्या आकाराचे, एका बाजूनं वाकलेले. त्यात मी साबण ओतला. काही दिवसांनी पालथे मारले तर आतून तपकिरी, वाकड्या, जाड वड्या बाहेर आल्या. इतक्या सुंदर दिसल्या मला की सांगता येत नाही. साबण महिनाभर सुकू द्यायचा असतो. तेवढा धीर कोणाला होता? मी त्याच सकाळी मळके कपडे, बादली आणि एक वडी घेऊन वहाळावर उतरलो. तोपर्यंत कपडे मी दवाखान्यातच टमरेलानं धुवायचो. पण स्वतः केलेला साबण मोरीत वापरायचा, म्हणजे नवा सदरा घालून घरात बसण्यासारखं.

खाली वहाळाच्या कडेनं वरपासून खालपर्यंत कपडे आपटायच्या दगडाच्या धोंडी होत्या, आणि प्रत्येक धोंडीवर एकेक बाई. सगळ्यात वरची धोंड मात्र मोकळी होती. चांगली मोठी, सपाट, एका बाजूला किंचित उतरती, वर्षानुवर्षं झिजून गुळगुळीत झालेली. जवळच पाय ठेवायला खाच. एवढी उत्तम जागा रिकामी राहिली कशी याचं नवल करत, एस.टी.त खिडकीशेजारची सीट मिळावी तसा मी पटकन जाऊन बसलो आणि साबण घासायला लागलो.

हसणं बंद झालं. आपटणं बंद झालं. मी मान वर केली नाही, लाजेनं. पण डोळ्याच्या कडेनं दिसत होतं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. मग एकेकीनं ओले कपडे तसेच पिळून बादलीत टाकले आणि त्या उठून चालू लागल्या. शेवटी जाणारीच्या म्हशीची शिंगाखालची जखम मी आदल्या आठवड्यात बांधली होती. ती क्षणभर थांबली. "डाक्टर," ती म्हणाली, "म्हशीला लावता तेच कपड्यांनापण लावलंत काय?"

झालं, मला कारण कळलं. करंजाचं तेल त्या भागात गुरांच्या खरजेला, गोचिडांना लावतात. कडू, उग्र, नाकातून डोक्यात जाणारा वास. माझ्या सदऱ्याला, चादरीला, आता मलाच गोठ्याचा वास येत होता, आणि त्या वासानं बायका उठून गेल्या होत्या. तशी मला अंगावरची सालटं निघायचीही काळजी वाटायला हवी होती, कारण कच्च्या साबणानं हात सोलून निघाले होते. पण सोललेल्या हातांकडे बघत मी एकच विचार करत होतो: ती बाई माझ्याशी बोलली. म्हशीवरून का होईना, पण बोलली ती माझ्या कपड्यांबद्दल. त्या महिन्यात मला उद्देशून बोललं गेलेलं हे एकच वाक्य होतं, ज्याच्या शेवटी म्हैस नव्हती. वास गेला की बाकीच्याही बोलतील, असा हिशेब मी मांडला. आणि सुधारणेला लागलो.

पहिली सुधारणा महाडच्या त्या व्यापाऱ्यानं सुचवली. त्याचा भाऊ कुवेतला होता, तो येताना अत्तरं आणायचा. "हा तिकडचा माल आहे," व्यापारी बाटली उघडत म्हणाला, "याच्यापुढे तुमच्या करंजाची काय टाप." मी अख्खी बाटली साबणात ओतली. करंजानं अत्तराला दाबलं नाही आणि अत्तरानं करंजाला. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. गोठ्यात कोणाचं लग्न लागावं तसा तो वास होता. दुसऱ्या दिवशी मी एका म्हशीला टोचायला गेलो, तर तिनं दावं तोडलं आणि थेट डोंगर गाठला. वहाळावर बायका त्या दिवसापासून मी निघून गेल्यावरच येऊ लागल्या.

दुसरी सुधारणा माझ्या स्वतःच्या बुद्धीतून आली, म्हणून ती जास्त लक्षात आहे. महाडजवळ सव नावाच्या गावात गरम पाण्याचे झरे आहेत. अंगाला काही झालं की लोक तिथं आंघोळीला जातात. मी विचार केला, जे पाणी माणसाची खरूज घालवतं ते साबणाचा वास घालवणार नाही? आणि आयतं गरम आहे, म्हणजे सरपणही वाचलं. मी सवला जाऊन कॅन भरला. महाडची गाडी, तिथून पोलादपूर, तिथून फाटा, तिथून पायवाट. तापलेला कॅन मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाशेजारी कोणी बसत नाही, हेही एक शिकलो. वर पोचेपर्यंत पाणी थंड झालं होतं. ते मी परत चुलीवर तापवलं. त्या पाण्यात क्षार किती असतात याचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. साबण जमायला लागला आणि अचानक फाटला. नासलेल्या दुधासारखे गोळे वर आणि खाली गढूळ पाणी. मी ते सगळं करंजाच्या बुंध्याशी ओतलं. करंजानं त्या वर्षी शेंगा जरा कमी टाकल्या असं मला वाटलं. वाटायला माझ्याकडे वेळ भरपूर होता.

तिसऱ्या सुधारणेसाठी मी शुद्ध खोबरेल आणलं. आता तो साबण दुकानातल्या साबणापेक्षा महाग पडत होता, आणि तेलाचे सगळे पैसे त्यात गेल्यामुळं मी महिनाभर भाजी पाण्यात उकडून खाल्ली. पण वडी निघाली पांढरीशुभ्र. नाकाला लावली, काही नाही. पुन्हा लावली, काही नाही. मी तिला हातरुमालात गुंडाळून, सकाळी बायकांच्या वेळेला, मुद्दाम वहाळावर गेलो. माझ्या नेहमीच्या वरच्या धोंडीवर बसलो. फेस असा आला, की दुधाचा असावा. आता कोणी नाक मुरडू शकणार नव्हतं.

वळणापाशी बायका दिसल्या. डोक्यावर बोचकी. त्यांनी मला पाहिलं आणि तिथंच बोचकी उतरवून बसल्या. बोलत नव्हत्या. मी उठायची वाट बघत होत्या, देवळात कोणी पूजेला बसलं असलं की बाकीचे बाहेर थांबतात तशा. मी हातातल्या वडीकडे बघितलं. साबणाला आता कसलाच वास नव्हता. म्हणजे वास मलाच येत असणार.

ही गोष्ट मी पुढं चारचौघांत बऱ्याचदा सांगितली आहे आणि या जागी लोक हसतात. मीही हसतो. त्या दिवशी मात्र मी कपडे न पिळताच घेऊन वर आलो, दवाखान्याचं दार लावलं आणि टेबलाशी बसून राहिलो. बाहेर पाणी ठिबकत होतं. त्यानंतर मी कपडे धुवायला दुपारी जाऊ लागलो, टळटळीत उन्हात, जेव्हा वहाळावर खंड्या पक्ष्याशिवाय कोणी नसतं. धोंड मात्र तीच. तिचा मला लळा लागला होता. आणि बदलीसाठी कोणाला भेटावं लागतं याची चौकशी सुरू केली.

शिमग्याला गाव भरलं. मुंबईकर आले, दारं उघडली, ट्रान्झिस्टर वाजू लागले, पालखी नाचली. आमच्या घराचा मालकही आला आणि त्याच्याबरोबर त्याची आई. लहानखुरी, वाकलेली, पण चालताना काठी नुसती हातात धरणारी, टेकणारी नव्हे. तिनं मागच्या खोलीचं कुलूप काढलं, आत गेली आणि बराच वेळ भांडी हलवल्याचा आवाज येत राहिला. माझ्याकडे तिनं एकदा बघितलं. दवाखान्याच्या कपाटाकडे जसं बघितलं तसंच.

पालखी झाल्यावर दुसऱ्या दिवशी माणसं परतायला लागली. घरात पाहुण्यांची वर्दळ होती, म्हणून मी सकाळीच कपडे घेऊन खाली गेलो आणि धोंडीवर बसून कामाला लागलो. करंजाची जुनी वडी होती. थोड्या वेळानं पावलं वाजली. म्हातारी येत होती, काखेत बोचकं. तिच्या मागं सगळ्या बायका. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कोणाच्या धोंडीवर बसलायस रे?"

मी म्हणालो, रिकामी होती, म्हणून बसलो.

"माणूस गावाला गेलं म्हंजे धोंड रिकामी होती काय?"

मी उठलो. आता कुठे मला दिसायला लागलं. तिथं धोंडी घराच्या असतात. सासूकडून सुनेकडे जातात. घर बंद असलं, माणसं मुंबईला असली, तरी धोंडीवर दुसरं कोणी बसत नाही. शिमग्या-गणपतीला घरची बाई येते, तिला तिची जागा तशीच लागते. सगळ्या गावाला हे माहीत होतं. इतकं माहीत, की कोणाला सांगावं लागेल असं कधी कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

मग त्या म्हशीवाल्या बाईनं तोंड उघडलं. ती माझ्याशी नाही, म्हातारीशी बोलत होती. "आमाला वाटलं गो, तुज्या पोरानं घरासंगती धोंडपण भाड्यानं दिली. म्हंजे आता तू काय परत येत नायस." ती थांबली. "ह्या डाक्टरला तिथं बसलेलं बघवायचं नाय आमाला. म्हणून आमी येत नव्हतो."

इतके महिने मी तेल बदलत होतो, अत्तर ओतत होतो, गरम पाणी एस.टी.तून फिरवत होतो. आणि या बायका वळणावर बसून, न सांगता, एका जिवंत बाईचं सुतक पाळत होत्या. माझा त्यात संबंधच नव्हता. मी नुसता तिथं बसलेलो होतो.

म्हातारी धोंडीपाशी उकिडवी बसली आणि तिनं हात फिरवला. तपकिरी, चिकट थर चढला होता. नखानं थोडा खरवडून तिनं नाकाशी नेला. "शी," ती म्हणाली. "कसल्या वासाची करून ठेवलीस." मग वाळू घेतली आणि धोंड घासायला लागली. मी मदतीला हात पुढं केला तर तिनं बघितलंही नाही. दोघीतिघी बायका पुढं झाल्या. त्यांना मात्र तिनं घासू दिलं.

तेवढ्यात तिचा मुलगा वरून उतरला. गाडीची वेळ झाली होती, सामान बांधून तयार होतं. तो म्हणाला, कपडे काय, तिकडे जाऊन धुता येतील.

"तिकडे नळाखाली एकटीनं धुवायचं," ती धोंड घासत म्हणाली. "भिंतीशी किती बोलू मी? मी नाय येत."

पुढचा वाद अंगणात झाला आणि तो सगळ्या गावानं ऐकला. मुलगा वाईट नव्हता. घर सरकारला भाड्यानं दिलंय, तू राहणार कुठं, आजारी पडलीस तर बघणार कोण, असं तो पोटतिडकीनं बोलत होता. ती एकेका प्रश्नाला मागच्या खोलीकडे बोट दाखवत होती. शेवटी त्यानं मला विचारलं, तुमची काही हरकत? मी म्हणालो, उलट बरंच होईल, दवाखान्यातल्या औषधांवर लक्ष राहील. त्या संपूर्ण नेमणुकीत मी केलेलं शहाणपणाचं विधान बहुधा हेच. तो डोळे पुसत एकटाच फाट्याकडे गेला. म्हातारी पायरीवर उभी राहिली, तो वळणाआड होईपर्यंत. मग आत गेली आणि दार लोटून घेतलं.

तुम्हाला वाटेल, आता घरात माणूस आलं, माझं एकटेपण संपलं. तसं काही झालं नाही. तिची मागची खोली, तिचं मागचं दार. पलीकडे खोकल्याचा, भाकरी थापल्याचा आवाज यायचा, पण माझ्याशी ती बोलायची नाही. माझ्यामुळं गावानं तिला जिवंतपणी मेलेल्यांत धरलं होतं, तेव्हा तिचं चुकतही नव्हतं. दोन दिवसांनी मी कपडे घेऊन वहाळावर गेलो आणि काठावर बादली धरून उभा राहिलो. कुठं बसावं कळेना. सगळ्या धोंडी कोणाच्या ना कोणाच्या होत्या. तेव्हा वरून, तिच्या जागेवरून, म्हातारीनं हात केला. बोलली नाही, नुसता हात. खाली. आणखी खाली. त्याहून खाली.

सगळ्यात शेवटी, जिथून पुढं म्हशी डुंबतात, तिथं एक धोंड होती. लहान, तिरकी, बसलं की माणूस घसरत पाण्याकडे जाणार. ती कोणाचीच नव्हती, आणि का नव्हती ते बसल्यावर लगेच कळलं. वरच्या सगळ्यांचं मळकं पाणी तिथून वाहायचं. पण त्याबरोबर वरच्या सगळ्यांचा फेसही यायचा, आणि बोलणं. तुकड्या-तुकड्यानं, अर्धंमुर्धं. कोणाच्या नवऱ्याचा मुंबईहून निरोप, कोणाची सासू, वरंधकडे दिलेल्या मुलीचं बाळंतपण. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, पण माझ्यामुळं कोणी थांबतही नव्हतं. मी रोज जायचो. धुवायला काही नसलं तर दवाखान्यातली फडकी न्यायचो. त्या काळात त्या दवाखान्याइतकी स्वच्छ फडकी तालुक्यात कुठं नसतील.

मग एके सकाळी वरून काहीतरी ओरडल्यासारखं ऐकू आलं. म्हातारीचा साबण संपला होता. तिनं मागं वळून न बघता काही म्हटलं, ते खालच्या धोंडीवरच्या बाईनं तिच्या खालच्या बाईला सांगितलं, आणि असं करत करत ते माझ्यापर्यंत आलं. माझ्या वरची म्हणाली, "डाक्टर, म्हातारी म्हणते, तुमची ती वाकडी वडी द्या."

मी वडी दिली. ती हातोहात वर गेली. प्रत्येकीनं नाकाशी नेली, प्रत्येकीनं तोंड वाकडं केलं आणि पुढं दिली. एकीनं काही म्हटलं त्यावर सगळ्या हसल्या. मी खाली बघत फडकं घासत राहिलो. वर आपटण्याचा आवाज झाला, थांबला. मग निरोप परत निघाला, धोंडीधोंडीनं.

"म्हातारी इचारते, घरी कोण कोण हाय तुमच्या?"

मला त्या गावात येऊन वर्ष होत आलं होतं. मी म्हणालो, कोणी नाही. माझ्या वरची वळली आणि म्हणाली, "कोण नाय म्हणतात." तिच्या वरची म्हणाली, "कोण नाय." मग तिच्या वरची. माझं उत्तर वेगवेगळ्या आवाजांत, एकेका धोंडीवर थांबत वर जात होतं आणि मी ते ऐकत बसलो होतो. शेवटच्या आवाजानंतर कोणी कपडा आपटला नाही.

वडी परत आली. एका कडेनं झिजली होती आणि तिला एक पांढरा केस चिकटला होता. तिच्याबरोबर निरोप आला.

"म्हणते, वास मारतो, पण मळ काढतो. उद्या येताना जास्त आणा."

माझी फडकी केव्हाच धुऊन झाली होती. मी ती बादलीतून पुन्हा बाहेर काढली, तिरक्या धोंडीवर पसरली आणि पुन्हा पहिल्यापासून साबण लावायला लागलो.